कोरड्या वाफ्यातला नारळ

मित्रांनो, मी एक जुना ओलमापक आहे. अंगाला ॲल्युमिनियमचा डबा, डोक्यावर काच, काचेखाली एक काटा आणि पोटाखाली वीतभर लांबीच्या दोन सळया. सळया मातीत खुपसल्या की माती किती ओली आहे ते माझा काटा सांगतो. लाल खूण म्हणजे माती तहानलेली, हिरवी म्हणजे तृप्त. मला येतं ते एवढंच. त्यात मी कधी खोटं बोललो नाही, तरी माझ्या कपाळी 'खोटा' असा शिक्का बसला. तो कोणी मारला ते आज सांगतो. माझ्या बोलण्यात राग दिसला तर दिसू द्या.

माझा जन्म १९९३ सालचा, हैदराबादेतल्या एका सरकारी शेती-संशोधन संस्थेतला. शेतात जिथे तहान असेल तिथेच पाणी द्यावं, आणि त्यासाठी लागणारं यंत्र इथल्या इथे तयार व्हावं, म्हणून दिल्लीने संस्थेला तीन वर्षांचं अनुदान दिलं होतं. काम आलं त्रिवेणीबाईंकडे. त्या शहरातल्याच चिक्कडपल्लीत राहायच्या. नोकरी हंगामी, अनुदान असेल तोवरची. माझे सुटे भाग त्यांनी कोठी नावाच्या बाजारातल्या दुकानांतून एकेक निवडून आणले. काटा मिळाला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे. पोटचं पोर न्याहाळावं तशी त्यांनी माझी एकेक तार न्याहाळली.

मग माझी परीक्षा सुरू झाली. मातीचा नमुना आधी तोलायचा, भट्टीत वाळवायचा, पुन्हा तोलायचा आणि वजन किती घटलं त्यावरून माझ्या काचेखाली खूण करायची. असे चारशे नमुने झाले. शिवाय सत्यवती होतीच. ती संस्थेच्या शेतावरची मजूर. चिमूटभर माती बोटांत चोळून ती सांगायची, "अम्मा, इसकू कल तक पानी नक्को." एके दिवशी माझा काटा तिच्या बोटांशी तंतोतंत जुळला. त्रिवेणीबाईंनी मला पदराने पुसलं. मित्रांनो, माझं आयुष्यातलं कौतुक तेवढंच.

विभागप्रमुख एकनाथराव मला पहिल्यापासून पाण्यात पाहायचे. त्यांचा उजवा हात विकास. तो नुकताच परदेशात शिकून आला होता. मला बोटाने टिचकी मारून तो म्हणायचा, "मॅडम, बाजार खुला झालाय आता. असला मीटर बाहेरून आठ दिवसांत येतो. तुम्ही कशाला कोठीच्या गल्ल्या झिजवताय?"

"बाहेरच्या मीटरला आपली काळी माती ठाऊक नाही," त्रिवेणीबाई शांतपणे म्हणायच्या.

"हौ, आणि तुमच्या डब्याला इंग्रजी ठाऊक नाही!"

यावर एकनाथराव पोट हलवून हसायचे. "त्रिवेणीबाई, मीटर आहे का जेवणाचा डबा? दुपारी कुणी उघडून बसेल हां, सांभाळा!"

तिसऱ्या वर्षी दिल्लीहून तपासणी समिती यायची ठरली. मी पसंत पडलो तर माझ्यासारखे पन्नास घडवून गावोगाव पाठवणार होते, आणि त्रिवेणीबाईंची नोकरी कायम होणार होती. नापसंत झालो तर उरलेल्या अनुदानातून परदेशी मीटर येणार होते. त्रिवेणीबाईंनी दोन वाफे तयार ठेवले. एक भिजवलेला, दुसरा पंधरा दिवस कोरडा ठेवलेला. पंधरा दिवस सत्यवतीने त्या वाफ्यात कोंबडीलासुद्धा पाय टाकू दिला नाही.

समितीच्या दिवशी सकाळी एकनाथराव लवकर आले. हातात नारळ. इकडेतिकडे पाहून त्यांनी कोरड्या वाफ्याच्या कोपऱ्यातल्या दगडावर तो फोडला, हात जोडले आणि पुटपुटले, "देवा, दिल्लीवाल्यांपुढे लाज राख." पाणी सगळं वाफ्यात सांडलं. वरची माती उन्हाने लगेच पांढरी झाली, पण आत ओल राहिली. दूर खुरपणी करणारी सत्यवती हे पाहत होती. विकासही पाहत होता.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. चांगल्या कामाआधी देवाला नारळ द्यावा, त्यात वाईट काय? वाईट पुढे घडलं.

समिती आली. "त्रिवेणीबाई, चहाचं तेवढं बघा," एकनाथरावांनी ज्यांचं यंत्र त्यांनाच स्वयंपाकघराकडे पिटाळलं. मला विकासने उचललं. कोरड्या वाफ्यात तो तीन पावलं चालला, दगडाजवळ पडलेला करवंटीचा तुकडा उचलून त्याने खिशात टाकला, आणि त्याच जागी मला खुपसलं. तुलनेसाठी मागवलेला एक परदेशी मीटर त्याने चार हात दूर लावला.

मी काय करणार होतो? माझ्या सळयांना ओल लागली. नारळाचं क्षार असलेलं पाणी तर मला साध्या पाण्याहून जास्त जाणवतं. माझा काटा सरळ हिरव्यावर गेला. परदेशी मीटरने लाल दाखवलं.

"कोरड्या जमिनीला हा ओली म्हणतो?" समितीतले एक गृहस्थ हसले. मग सगळेच हसले.

सत्यवती खुरपं टाकून धावत आली. "सार, सार! सुबह उधर नारियल फोडे ना तुमे? अंदर मट्टी गीली है, हात डालके देखो!"

एकनाथरावांचा चेहरा उतरला. विज्ञानाची परीक्षा नारळाने सुरू केली, हे दिल्लीच्या विद्वानांपुढे कबूल करायचं? ते खेकसले, "चूप बैठ! कैसा नारियल? जा, अपना काम कर."

देवापुढे जोडलेले हात त्यांनी चारचौघांत पाठीमागे लपवले. ज्या देवाकडे लाज राखायला सांगितली, त्याचीच त्यांना लाज वाटली. मित्रांनो, त्याच क्षणी मी खोटा ठरलो.

चहाची किटली घेऊन त्रिवेणीबाई परतल्या, तोवर समिती गाडीत बसत होती. सत्यवतीने बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तिथेच बसून माती उकरली. दोन बोटं खाली ओल होती.

दुसऱ्या दिवशी एकनाथरावांनी कागद पुढे केला. 'यंत्र भरवशाचे नाही.' खाली त्रिवेणीबाईंच्या सहीला जागा.

"सही करा. दुसऱ्या कामावर घेतो तुम्हाला."

"करते, सर. फक्त वर एक ओळ लिहा. त्या जागी सकाळी नारळ फोडला होता."

"वेड लागलंय का बाई?"

"मग माझी सही नाही."

महिनाअखेरीस त्यांची नोकरी गेली. मी भांडारात गेलो. कुणी मला दाराला अडसर म्हणून लावलं, कुणी माझ्यावर चपला झटकल्या. पावसाळ्यात सळया गंजल्या. पुढे भंगारवाला आला, तेव्हा सत्यवतीने मला जेवणाच्या फडक्यात गुंडाळलं आणि बस बदलून चिक्कडपल्लीला पोचवलं. एकनाथरावांची थट्टा अशी खरी झाली. मी जेवणाचा डबा म्हणूनच तिथून सुटलो.

परदेशी मीटर दोन वर्षंही टिकले नाहीत. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की त्यांना काही उमजेना, आणि त्यांचे सेल कोठीत मिळेनात. दिल्लीने विचारलं, देशी यंत्राचं काय झालं? तेव्हा एकनाथराव मिठाईचा पुडा घेऊन त्रिवेणीबाईंच्या दारात आले.

"झालं गेलं सोडा हो. तो मीटर तुमच्याकडे आहे म्हणे, द्या. तुमचं नावसुद्धा घालतो अहवालात."

त्रिवेणीबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. मग कोरा कागद आणि पेन समोर सरकवलं. "एकच ओळ, सर. तीच."

एकनाथरावांनी पेन उचललं. पुष्कळ वेळ कागदाकडे पाहिलं. चहावर साय धरली. मग पेन ठेवून ते उठले. मिठाईचा पुडा त्रिवेणीबाईंनी त्यांच्यामागून जिन्यापर्यंत नेऊन हातात परत दिला.

आता मी सत्यवतीच्या भावाच्या मिरचीच्या रानात असतो. पन्नास भावंडं काही मला मिळाली नाहीत. त्रिवेणीबाई महिन्यातून एकदा येऊन माझ्या सळया घासतात. सत्यवती बोटांनी माती चोळते, मी काटा हलवतो, आणि आमचं अजून जुळतं.

मित्रांनो, यंत्र वापरलंत तर पुसून, कोरडं करून ठेवा. त्याने नको ते सांगितलं तर आधी जमीन उकरून बघा. आणि नारळ फोडलात, तर फोडला म्हणा.