एक जूनवाले सिद्धप्पा

चौऱ्याहत्तर साली गिरणीत नवं कॉम्प्युटर मशीन आलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. कामगारांच्या कार्डावरची जन्मतारीख वाचताना जुनं मशीन आधी दिवस वाचायचं, मग महिना. हे शहाणं आधी महिना वाचायचं. पंधरा-वीस तारखेची कार्डं ते बाहेर फेकायचं, तेवढी चूक तरी दिसायची. एक जूनवाले मात्र गुपचूप सहा जानेवारीचे झाले, आणि आमची निम्मी गिरणी एक जूनची. शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्यांना तीच तारीख लावायचे.

डिसेंबरात विणाई खात्यातले सिद्धप्पा निवृत्तीची नोटीस घेऊन माझ्यापुढं उभे राहिले.

"पुढच्या महिन्यातच घरी घालवताय व्हय?"

"मशीन चुकलंय," त्यांचं कार्ड ओढत मी चिडून म्हणालो. "जून आहे तुमचा. नवं कार्ड पंच करतो."

ते स्टुलावर टेकले. "आमची अव्वा म्हणायची, गड्ड्याच्या जत्रंत झालास. जत्रा जानेवारीत असती की."

माझा हात थांबला. मशीन चुकून खरं बोललं होतं.

"थांबलात का?" सिद्धप्पा म्हणाले. "खोटीच तारीख घाला. अजून पाच महिने माग चालवायचाय."