डब्यातली मेंदीची रात्र

“मांजर कुठे गेलं?” स्क्रीनकडे बघत रागेब पुटपुटला.

मांजराचा फोटो त्याने चाचणीसाठी चढवला होता. बाकी सगळे फोटो त्याच्या बायकोचे, इनायातचे. मुलीच्या, रबाबच्या, मेंदीच्या रात्रीचे. त्या रात्री घरात फक्त बायका होत्या आणि डोक्यावरचे रुमाल काढून नाचल्या होत्या. असले फोटो परक्या कंपनीच्या हवाली कोण करणार? म्हणून अलेक्झांड्रियाच्या ट्राम डेपोतून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने घरातल्याच जुन्या कॉम्प्युटरवर फोटोंचा सर्व्हर उभा केला. ‘मी डोकावणार नाही,’ असा बायकोला शब्द दिला आणि बापड्याने तो पाळला. नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

सर्व्हरचा प्रोग्राम ज्या कंटेनरमध्ये चालतो, तो म्हणजे शेवटी डबाच. नवी आवृत्ती आली की जुना डबा फेकायचा, नवा ठेवायचा. म्हणून फोटो डब्याबाहेर, डिस्कवर उतरवायचे असतात. ते कुठे उतरवायचे हे सांगणाऱ्या सेटिंगच्या ओळीत रागेबने फोल्डरचा पत्ताच चुकीचा लिहिला होता. एकदा डिस्क उघडली असती तर कळलं असतं. पण हा लाजेखातर तिकडे फिरकलाच नाही. आज सकाळी त्याने नवी आवृत्ती घातली आणि डब्याबरोबर मेंदीची रात्रही गेली.

“फोनमध्ये आहेत ना गं?”

“तूच म्हणालास ना, आता पुसून टाक म्हणून!” इनायात मटकन खाली बसली. “अरे, माझी अवातिफ होती रे त्यात. नाचत होती.”

अवातिफ तिची धाकटी बहीण. रबाबच्या लग्नानंतर महिन्याभरात गेली. रागेबला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी इनायातने सगळी गल्ली पालथी घातली. त्या रात्रीचे फोटो आणि व्हिडिओ शेजारणींकडेही होते, पण नेटवरून पाठवायचं कुणी नावच काढेना. संध्याकाळी सगळ्या फोन छातीशी धरून घरीच आल्या.

“अबू रबाब, या वेळी पत्ता नीट लिहिलास ना?” समोरच्या उम्म शादीने रबाबच्या बापाकडे बघून डोळे वटारले. “का आमचंही वाटोळं करतोस?”

“डिस्कवरच जातात आता. डबा फेकून बघितला, मांजर जागचं हललं नाही.”

“शाबास! मग ऊठ, बाहेर हो.”

रागेब कॉफीचा पेला घेऊन जिन्यात बसला. आत गोंगाट, खिदळणं, कुणाच्या तरी जाडीवरून टोमणे. मग एकदम सगळं शांत झालं. आणि बंद दारातून, कुणाच्या तरी फोनमधून, अवातिफचा आवाज आला, तोच, खट्याळ:

“अबू रबाब! दाराला कान लावून बसलायस ना, लबाडा? सरक तिकडे!”

त्या रात्री तो खरंच दाराशी होता, आणि हे ऐकून ओशाळून खाली उतरला होता.

आत कुणीतरी हुंदका दिला. इनायातच होती ती. रागेबचे डोळे भरून आले.

“सरकतो बाई,” तो म्हणाला, आणि पेला उचलून खालच्या पायरीवर जाऊन बसला.