न पुसता पाठवा

नीलिमा मेश्राम चौदा वर्षं दर गुरुवारी ऊन मोजत होती. रायपूरच्या एका जुन्या कॉलेजात ती फिजिक्सच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. गुरुवारी सकाळी स्कूटीवर पायापाशी पिवळी पेटी ठेवून ती शहराबाहेर बेंदरडीहला जाई, तिथल्या शाळेच्या गच्चीवर चढे आणि साडेदहाला, वरून उपग्रह जायच्या वेळेला, पेटीतलं हातात मावेल एवढं यंत्र सूर्याकडे धरून आकडा लिहून घेई. सूर्याकडून किती उजेड येतो ते ठाऊक असतं. खाली किती पोचला ते यंत्र सांगतं. मधे जो हरवला तो धुरानं आणि धुळीनं गिळलेला. एवढंच ते शास्त्र, असं तिथले फिजिक्सचे प्राध्यापक अच्युत सर म्हणत.

हे काम सरांनीच सुरू केलेलं. उपग्रह वरून फोटो काढतो खरा, पण बेंदरडीहसारख्या ठिकाणी, जिथं मुरमाड जमीन उन्हात चकाकते आणि कारखान्यांच्या राखेचे ढीग पडलेले असतात, तिथं जमिनीची चमक कुठं संपली आणि धूर कुठं सुरू झाला हे त्याला उमगत नाही. खालून कुणीतरी सांगावं लागतं. नीलिमा सांगत असे. तिचे आकडे दर महिन्याला एका संशोधन संस्थेत मंजिरी नावाच्या बाईंकडे जात आणि मंजिरी त्यावरून उपग्रहाचे आकडे ताडून बघत.

मात्र यंत्रही तपासावं लागतं. काच मळते, आतला फिल्टर विटतो, मग यंत्र उजेड कमी दाखवतं आणि वाटतं की धूरच वाढला. म्हणून सर दर मे महिन्यात ती पेटी मांडीवर घेऊन डोंगरावरच्या वेधशाळेत जात. तिथल्या स्वच्छ हवेत मुख्य यंत्राशेजारी आपलं यंत्र ठेवायचं, किती चुकतंय ते काढायचं, आणि मगच काच पुसायची. "पुसायचं ते तिकडे," हा सरांचा दंडक. इकडे फक्त रबरी फुग्यानं फुंकर मारायची.

सर रिटायर झाले आणि पेटीचा प्रवास थांबला. नीलिमा दर मार्चला पेटी पाठवू द्या म्हणून अर्ज देई. सहा अर्ज झाले. एकावर कुणीतरी 'चर्चा करावी' असं लिहिलं होतं, तेवढंच.

आणि नेमक्या त्याच सहा वर्षांत बेंदरडीहचं ऊन घटत गेलं. गावाच्या उत्तरेला स्पंज आयर्नच्या, कच्चं लोखंड काढायच्या नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या होत्या. नीलिमाचे मामा शामराव तिथंच राहत. तरुणपणी गोंदियाकडून येऊन त्यांनी रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं काढली, घर बांधलं, दारात पारिजात लावला. आता पारिजाताची पानं काळी असत आणि शेवंतामामी ऑक्सिजनच्या मशीनला नळी जोडून पलंगावर बसलेल्या असत. मामींनी आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता.

शामराव आणि गावातले चाळीस जण भट्ट्यांच्या सगळ्यात मोठ्या कारखान्याविरुद्ध दाद मागायला गेले. एक समिती नेमली गेली. गावाकडे पुरावा म्हणून नीलिमाची रजिस्टरं होती आणि गावाचा वकील होता अनिमेष, रायपूरच्या तात्यापारा वस्तीतला, मराठी घरातला, पण बोलणं निम्मं हिंदीत.

"दीदी, कारखान्यानं लेखी दिलंय," अनिमेष एक दिवस लॅबमध्ये येऊन म्हणाला. "म्हणतात की मशीन सहा साल से चेकच झाली नाही. उजेड कमी नाही झाला, मशीन खराब झाली. अब बताइए."

नीलिमानं तो कागद दोनदा वाचला. हे खोटं आहे असं तिला ठामपणे म्हणता येत नव्हतं.

तिनं मंजिरीला फोन लावला. मंजिरी शांतपणे म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही. यंत्र आता वेधशाळेत पाठवा. सहा वर्षांत किती सरकलं ते आपण काढू. तेवढं आकड्यांतून वजा करू. उरेल ते खरं. फक्त एक करा, आहे तसं पाठवा. न पुसता पाठवा. काचेवरचा मळ हाच आता आपला साक्षीदार आहे."

नीलिमानं यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पेटीला चिकटपट्टी लावली, कपाटात ठेवलं आणि दारावर हिंदीत कागद लावला: हाथ मत लगाना. पाठवायच्या परवानगीची फाइल फिरत होती. विभागप्रमुख शिशिर सर भले होते, तेही पाठपुरावा करत होते. तीन आठवडे गेले.

त्यातच कॉलेजची तपासणी आली. पथक येणार म्हणून भिंतींना चुना लागला, कुंड्या आल्या. नीलिमाची त्या दिवशी मामींना दवाखान्यात न्यायची पाळी होती. दुपारी ती लॅबमध्ये परतली तर टेबलावर सगळी उपकरणं रांगेत मांडलेली, आणि मधोमध पांढऱ्या कपड्यावर तिचं यंत्र.

राकेश, लॅबचा अटेंडंट, पन्नाशीचा माणूस, हसत पुढं आला. "दीदी, शिशिर सर बोले सब मशीन बाहर रखो. मैंने सोचा, आपका वाला तो सबसे बढ़िया दिखना चाहिए. स्पिरिट से चमका दिया. देखो तो सही."

काच लखलखत होती. खिडकीतलं आभाळ त्यात दिसत होतं.

"कागद वाचला नाही का?" नीलिमाचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"वो तो पोट्टों के लिए है ना दीदी, स्टूडेंट लोगों के लिए," राकेश म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. "आपने ही सिखाया था, स्पिरिट और रुई, गोल-गोल. गलत हो गया क्या?"

मायक्रोस्कोपच्या भिंगांसाठी तिनंच शिकवलं होतं. वीस वर्षांपूर्वी.

"कापूस कुठाय?"

"कचरे में. गाड़ी ले गई."

ती स्टुलावर बसली. काचेवर पापुद्रा होता हे तिला माहीत होतं. तिरप्या उन्हात तो दिसायचा, तपकिरी, चहाच्या कपाच्या तळाशी राहतो तसा. पण किती? तो उजेडातला शंभरातले दोन भाग खात होता की वीस? ते सांगणारा एकच साक्षीदार होता आणि तो घंटागाडीतून गेला होता. तिनं मंजिरीचा नंबर लावला आणि पहिल्या घंटेलाच कापला.

परवानगी दुसऱ्याच दिवशी आली. पाठवायच्या फॉर्ममध्ये रकाना होता: पाठवण्यापूर्वी साफसफाई केली आहे का? नीलिमा त्या रकान्यापाशी थांबली. धूर होता, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. शाळेतल्या मुलांच्या वह्यांवर तो बसायचा. मामींच्या छातीत होता. खऱ्यासाठीच तर हे चाललंय, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि 'नाही'वर खूण केली.

महिन्याभरानं वेधशाळेचं प्रमाणपत्र आलं. यंत्र सहा वर्षांत शंभरात दोनहूनही कमी सरकलं होतं. म्हणजे रजिस्टरातले आकडे जवळपास जसेच्या तसे खरे. अनिमेषनं फोनवरच टाळी वाजवली. बेंदरडीहला शामरावांनी पेढे वाटले. शेवंतामामी नळी बाजूला करून म्हणाल्या, "नीलू, तुह्या त्या डब्यानं वाचवलं आमाले." नीलिमा पेढा हातात धरून बसून राहिली.

त्या आठवड्यात अच्युत सरांचाही फोन आला. सर एकाहत्तरचे, तब्येतीनं थकलेले, शहरातल्या पुरानी बस्तीत मुलीकडे, मीनलकडे, राहत होते. डोळे अधू झाले होते, पण आवाज तसाच.

"दोनहूनही कमी? सहा वर्षांत? कमाल आहे," ते म्हणाले. आणि मग, "कुणी पुसलं तर नव्हतं ना?"

"नाही, सर."

"मग झकास. तू सांभाळलंस हो."

समितीपुढंही तोच प्रश्न आला. कारखान्याच्या तज्ज्ञानं विचारला, अध्यक्षांनी तिच्याकडे बघितलं, टायपिस्टची बोटं थांबली. "नाही," नीलिमा म्हणाली, आणि बोटं पुन्हा चालू लागली.

निकाल तीन महिन्यांनी लागला. समितीनं नीलिमाचे आकडे मान्य केले, तिच्या चिकाटीचं एका वाक्यात कौतुकही केलं. बेंदरडीहवरचा धूर वाढला आहे, हे खरं. पण तो कुणाचा? भट्ट्या अकरा, रस्त्यावर ट्रक, शेतात जाळलेला भाताचा पेंढा, घरोघरी कोळशाच्या सिगड्या. ते यंत्राला सांगता येत नाही. सबब दोन वर्षांचा नवा अभ्यास करावा, त्यासाठी स्वयंचलित केंद्र उभारावं, आणि अखंड वीज व सुरक्षित इमारत मिळते म्हणून ते लांब, नव्यानं वसवलेल्या नवा रायपूरला बसवावं. तोवर कारखाना चालू राहील.

"नवा रायपूरले?" शामरावांनी दोनदा विचारलं. "तिथं काहून? तिथं तं धूरच नाही."

"अपील करेंगे, मामाजी," अनिमेष म्हणाला. "आकडे तर मानलेत ना त्यांनी. तोच आपला आधार."

शेवंतामामी अपील दाखल व्हायच्या आधीच गेल्या. पौष महिना होता, धूर जमिनीलगत बसलेला. सगळं उरकल्यावर शामराव मशीनची नळी गुंडाळत बसले होते आणि ती परत परत सुटत होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मंजिरीचा मेल आला. लांबलचक, आनंदी मेल. तुमच्या सहा वर्षांच्या आकड्यांवर आम्ही उपग्रहाच्या आकड्यांची दुरुस्ती बसवली आहे, त्यांनी लिहिलं होतं. फक्त रायपूरच नाही. अशीच जमीन आणि असेच कारखाने असलेल्या बाकीच्या गावांनाही आता हेच माप लागेल. खाली गावांची यादी होती. ओडिशातली, झारखंडची, चंद्रपूरकडची. नीलिमानं यादी वाचली आणि पुन्हा वरपासून वाचली. तिनं एका रकान्यात केलेली खूण आता इतक्या गावांच्या आभाळात जाऊन बसली होती. उद्या कुठं धूर नसताना दिसेल, कुठं चूक उघडी पडून खरा धूरही खोटा ठरेल, आणि का ते कुणाला कळणार नाही.

रविवारी सकाळी ती पुरानी बस्तीत गेली. सर ओसरीत उन्हाला बसले होते, शेजारी तिच्या रजिस्टरांच्या झेरॉक्स. मीनलकडून ते रोज थोडे आकडे वाचून घेत, असं मीनल म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

"सर, काच पुसलेली होती."

सरांनी मान वर केली नाही.

"तपासणीच्या दिवशी. मी नव्हते. पाठवायच्या आधी मला माहीत होतं."

गल्लीत भाजीवाला ओरडत गेला.

"मळ किती होता?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर. पापुद्रा होता. मोजला नव्हता."

"म्हणजे आता कधीच कळणार नाही."

"नाही."

सरांनी चाचपडत झेरॉक्स गोळा केल्या, कडा जुळवल्या. "धूर असेलच गं," ते म्हणाले. "असणारच. पण असणार असं तर कुणीही म्हणतं. तेवढ्यासाठी चौदा वर्षं गच्चीवर कशाला चढायचं?" मग अगदी हळू, "तू मला सांगायला नको होतंस, नीलिमा. मी आता किती दिवसांचा आहे?"

चहा आला तेव्हा दोघंही रस्त्याकडे बघत होते.

सोमवारी तिनं मंजिरीला लिहिलं. काच मीच पुसली, असं लिहिलं. राकेशच्या नोकरीला अजून सात वर्षं होती. मंजिरीचं उत्तर दोन ओळींचं आलं. कळवल्याबद्दल आभार. सहाही वर्षांचे आकडे काढून टाकत आहोत. तेवढंच. एवढी वर्षं पत्राच्या शेवटी त्या 'तुमची मंजिरी' लिहीत, ते नव्हतं. कॉलेजला कळवणं भागच होतं. शिशिर सरांनी तिला समोर बसवून मेमो दिला आणि स्वतःच खाली बघत राहिले. तिची बदली परीक्षा विभागात झाली. राकेश दारात उभा राहून रडला, ती त्याला म्हणाली, "जाओ, काम करो."

अपील उभं राहिलंच नाही. कारखान्याच्या वकिलानं मंजिरीच्या संस्थेचं पत्र पुढं ठेवलं आणि दुसरं काही ठेवायची गरजच पडली नाही. उपग्रहाचे आकडे पुन्हा पहिल्यासारखे झाले. त्यांत बेंदरडीहची हवा बरीचशी स्वच्छ दिसते.

शामरावांना नीलिमानं स्वतः जाऊन सांगितलं. ते पारिजाताखाली खाटेवर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही.

"पहिले खोटं काहून बोलली?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मामींसाठी. तुमच्यासाठी."

"आन मंग खरं काहून बोलली? आता कोनासाठी?"

नीलिमानं खाटेवर पडलेलं एक काळं पान उचललं.

"आमचा धूर खरा होता बाई," शामराव म्हणाले. रागावून नाही, एखाद्या परक्याला पत्ता सांगावा तसं. "तुह्या डब्याच्या आधीबी होता. आता लोक म्हनतात, शामरावच्या भाचीनं खोटे आकडे आनले. पोट्टेबी म्हनतात. धूर समोर दिसून राहिला तरी म्हनतात." ते उठले आणि आत गेले. थोड्या वेळानं आतून कडी लावल्याचा आवाज आला.

ती स्कूटी ढकलत रस्त्यापर्यंत आली. साडेपाच वाजले होते. उत्तरेकडच्या आभाळाचा रंग नेमका कसा होता ते तिला बघून सांगता आलं असतं, पण तिनं वर बघितलं नाही.