धाकटीची पिल्लं आणि मी

मी एक म्हातारी मासोळी आहे. सिक्लिड जातीची, पण बुटकी. बोटाच्या दोन पेरांएवढी. मित्रांनो, आज मी माझी चोरी कबूल करणार आहे.

एका शिंपीणबाईंनी मला नराबरोबर घरी आणलं. शिलाई मशीनशेजारी आमची काचेची पेटी होती आणि पेटीत एकच पालथं मडकं. त्याच्या आत, छताला मी दोनदा अंडी चिकटवली. दोन्ही वेळा त्यांना पांढरी बुरशी लागली.

"पाणी क्षारांनी जड आहे गं, तुझा दोष नाही," बाई म्हणाल्या. त्या फिल्टरचं हलकं पाणी घालू लागल्या. पण त्याच आठवड्यात दुसरी, वयाने लहान मादीही आली.

धाकटी आली आणि नर माझ्याकडे ढुंकूनही बघेना. तिने मडकं बळकावलं, माझं शेपूट फाडलं. मी हवेच्या नळीमागे अंग चोरून राहिले. हलकं पाणी माझ्यासाठी आलेलं, अंडी मात्र तिची फुटली! पन्नास-साठ पिल्लं!

"गुणाची गं माझी धाकटी!" बाई म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एका सकाळी ती पिल्लांजवळ घुटमळणाऱ्या नराला हाकलायला पेटीच्या पार टोकाला गेली. सात पिल्लं मागे रेंगाळली होती. मी ती तोंडात घेतली आणि शेवाळात नेऊन सोडली. त्यांच्यावर पंख हलवताना माझं अंग पिवळंधमक झालं, आमच्यात पिल्लं राखणाऱ्या आईचं होतं तसं.

"अहो, हिने पोरं पळवली की!" बाई ओरडल्या.

"मग काढ तिला बाहेर. उद्या सगळी गिळेल," त्यांचे यजमान म्हणाले.

जाळी खाली आली. मी पळाले नाही. पिल्लांच्या पुढ्यात उभी राहून जाळीलाच चावले.

बाईंचा हात थांबला. "खायला नाही नेली हो. जपतेय ती."

जाळी वर गेली, पण तेवढ्यात धाकटी चवताळून आली. आम्ही दोघी जबड्यात जबडा अडकवून झुंजलो. सुटून मागे वळले, तर नर शेवाळातून तोंड हलवत बाहेर येत होता. सातांतली चारच उरली होती. मी धाकटीकडे पाहिलं. तीही तिथेच बघत होती.

बाईंनी त्याच दिवशी मध्ये काच बसवली आणि माझ्या बाजूला नवं मडकं ठेवलं. चौघं माझ्याजवळ वाढली. मोठी झाल्यावर हुबेहूब धाकटीसारखी दिसू लागली. खोटं कशाला बोलू, ते मला अजून बोचतं. पण त्याहून जास्त ती तीन बोचतात.

मित्रांनो, आम्हाला पाळाल तर आधी पेटीत जागा करा, मग मासोळी आणा. प्रत्येकीला तिचं घर द्या. हेवा माझ्यात जन्मापासून होता. पण जागा अपुरी पडली, तेव्हा त्याला दात फुटले.