झेलिफा आजीची शेकोटी

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. आई म्हणायची, डायलेस, देवाने तुझ्या तोंडाला दार बसवायचं राहूनच गेलं. तसं आमच्या चिम्पेनीच्या शाळेलाही दार नव्हतं. दारच काय, भिंतीही नव्हत्या. पोरं आंब्याखाली बसायची, आणि पाऊस आला की फळा डोक्यावर धरून सगळ्यांच्या आधी मास्तर पळायचे.

मग देणगीवाले आले. दूरच्या कुठल्याशा थंड देशातल्या लोकांनी आपापल्या खिशातून काढून पाठवलं होतं म्हणे. त्यांचा माणूस मक्विंजा, आपल्या मलावीतलाच, मोटारसायकलवरून यायचा. त्याने पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं, "पत्रे आमचे, सिमेंट आमचं, दारं, खिडक्या, बाकं आमची. विटा, वाळू आणि पाणी तुमचं." मला हे आवडलं. आयतं घेणारं गाव नव्हे आमचं.

पण आमची पहिली भट्टी कच्ची निघाली. मक्विंजाने अख्ख्या गावासमोर एक वीट पाण्याच्या बादलीत टाकली, आणि बघता बघता तिचा चिखल झाला. "पावसाळ्याआधी अजून एकदा बघा," तो म्हणाला. "नाही जमलं तर पत्रे काफुकाला जातील."

काफुका म्हणजे ओढ्यापलीकडचं गाव. दुसऱ्या दिवसापासून तिथल्या बायका पाण्यावर आम्हाला विचारायला लागल्या, "काय गं, तुमच्या शाळेचं सूप कधी पाजताय?" माझं डोकंच फिरलं. विटा पाडणाऱ्या बायकांची पुढारी मी होते. नाक कापलं गेलं ते माझं.

मग आम्ही पुन्हा माती तुडवली, पुन्हा विटा पाडल्या, वाळवल्या, रचल्या. भट्ट्या लावण्यात मुरलेल्या फिलिमोनी म्हाताऱ्याने भट्टीच्या चारही तोंडांत आग घातली आणि बजावलं, "तीन दिवस. मध्ये आग विझली तर समजा पुन्हा सूप."

त्या पहिल्या दिवशी भट्टीच्या लिंपणाला भेगा पडायला लागल्या. चिखलासाठी पाणी हवं होतं, धावत हवं होतं. आणि झेलिफा आजी, ऐंशीच्या घरातली, डुलत डुलत बादली घेऊन यायची. ओढ्यावरून निघताना भरलेली, पोचेपर्यंत अर्धी. तिसऱ्या खेपेला मी ओरडले, "आजी, घरी बस गं! अर्धं पाणी सांडतेस नुसतं!"

सगळ्या बायकांनी वळून बघितलं. आजी हसली. "बसेन हो. बसायचंच आहे," म्हणाली, आणि रिकामी बादली उचलून पुन्हा ओढ्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ढोल वाजला. झेलिफा आजी गेली.

पहिल्यांदा आठवली ती तिची रिकामी बादली. आणि खरं सांगते, लाज वाटते सांगायला, पण आजीच्या पाठोपाठ दुसरा विचार आला तो भट्टीचा. आमच्याकडे गावात मयत झालं की काम बंद. माती देऊन होईपर्यंत कुणी कुदळ उचलायची नाही, विटेला हात लावायचा नाही. जो लावील त्याच्या मरणाला कुणी जात नाही. त्याची कबर खणायला माणूस मिळत नाही. याहून मोठी शिक्षा आमच्या मुलखात नाही.

फिलिमोनी भट्टीपाशी उभा होता, हात मागे बांधून. लाकडं संपत आली होती, आग बसत चालली होती. मी धावत आजीच्या अंगणात गावप्रमुखांकडे गेले. ते माझे सख्खे मामा.

"मामा, आज आग विझली तर शाळा गेली."

"डायलेस, तोंड आवर. दारात मयत आहे."

"मातीला उद्याची दुपार उजाडेल. तोवर भट्टी थंडगार होईल!"

"होऊ दे. लोक म्हणतील चिम्पेनीला शाळा नाही. पण चिम्पेनीत माणसाला किंमत नाही, असं कुणी म्हणता कामा नये."

खरंच होतं. मी अंगणातच बसून राहिले.

तेवढ्यात लोक यायला लागले. रिकाम्या हाताने कोण येतं मयताला? बायकांच्या डोक्यावर मक्याचं पीठ आणि पुरुषांच्या खांद्यावर एकेक ओंडका. मयताच्या अंगणात शेकोटी पेटते आणि माती होईपर्यंत ती विझू द्यायची नसते. सगळा गाव तिच्याभोवती बसून असतो. मी ते ओंडके बघत राहिले. अंगणात ढीग वाढत होता.

"मामा," मी म्हटलं, "मयताची शेकोटी कुठे पेटवायची हे कोण ठरवतं?"

"घरचे. आणखी कोण?" म्हणाले, आणि मग माझ्याकडे टक लावून बघायला लागले. "जा. विचार तिला. मी मध्ये पडणार नाही."

तिला म्हणजे एनेलेसला. आजीची एकुलती एक लेक. काल भट्टीवर माझ्या मागेच उभी होती ती. सगळं ऐकलं होतं तिने.

मी आत गेले. आजी चटईवर, भोवती बायका. एनेलेससमोर मी गुडघे टेकले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! शेवटी कसंबसं सांगितलं की आजीची शेकोटी अंगणात नको, भट्टीच्या तोंडाशी पेटू दे.

एनेलेसने आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "काल घरी बस म्हणालीस ना माझ्या आईला? बघ. बसली."

मी मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायचीही हिंमत नव्हती.

"नातवंडं छपराखाली शिकणार म्हणून विटा पाडायला घेतल्यापासून ती धड जेवली नाही," एनेलेस म्हणाली. "नेऊ दे शेकोटी. पण पहिलं लाकूड मी घालणार. तू लांब उभी राहा."

आणि तशी ती उठली, आईच्या नावाने आलेला सगळ्यात जाड ओंडका खांद्यावर घेतला आणि चालत भट्टीपाशी गेली. तिच्यामागे सगळा गाव, ओंडके घेऊन, गाणी म्हणत. काम कुणीच केलं नाही. सगळ्यांनी शोक केला. फक्त शेकोटीला तोंडं चार होती.

आणि खरी गंमत पुढेच. दुपारी काफुकाची माणसं आली. यावंच लागतं, शेजारचं मयत कोण चुकवतो? प्रत्येकाच्या खांद्यावर लाकूड. समोर धडधडणारी भट्टी बघून त्यांचा प्रमुख जागच्या जागी थबकला.

"अहो, हे काय? आमच्या लाकडांवर तुमची शाळा भाजताय?"

"शाळा कुठली?" मामा गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "ही झेलिफाची शेकोटी. नको असेल तर घेऊन जा परत लाकूड."

मयताचं लाकूड परत नेतो का कुणी? त्याने दात ओठ खात ओंडका आत सारला. भट्टीच्या पाठीमागे चार बायका तोंडात कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेचा पदर कोंबून हसत होत्या. मीही हसले, आणि हसता हसता रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीला माती दिली. परत आल्यावर फिलिमोनीने काम सुरू केलं आणि संध्याकाळपर्यंत आग राखून भट्टीची तोंडं लिंपली.

भट्टी निवल्यावर मक्विंजा आला. वीट पाण्यात टाकली. आम्ही श्वास रोखून उभे. त्याचं चहापाणी झालं, गप्पा झाल्या, वीट तशीच. मग त्याने दोन विटा एकमेकींवर आपटल्या, आणि खणखणीत आवाज झाला. "अशी वीट मी या जिल्ह्यात पाहिली नाही," तो म्हणाला. माझी छाती अशी फुगली की काय सांगू.

पाऊस लागायच्या आत पत्रे चढले. शाळा उघडायच्या दिवशी देणगीवाल्यांची पाहुणी आली, गोरी, उंच, भिंतीवरून हात फिरवत. "या विटांचा मान कुणाचा?" तिने मक्विंजाकरवी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोटं दाखवली. फुकटचं श्रेय सोडणारी बाई मी नव्हे. पण त्या दिवशी म्हटलं, "झेलिफा आजीचा. आमच्या गावात तीच एक. घरी बस म्हटलं तरी बसली नाही."

एनेलेस दाराशी उभी होती. मयतापासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

पाहुण्यांसाठी मी ओढ्यावरून पाणी आणायला गेले. येताना घाईघाईने चालले, बादली डचमळत होती, पाय भिजून गेले. दाराशी पोचले तेव्हा एनेलेसने माझ्या हातातून बादली काढून घेतली आणि आत डोकावून बघितलं.

"डायलेस," ती म्हणाली, "घरी बस गं. अर्धं पाणी सांडतेस नुसतं."