ओठांपाशी थांबलेला पेढा

वैशाखातल्या दुपारी क्लासच्या मागच्या नळाचे पाणी हातावर घेतले तर चटका बसावा इतके तापलेले असायचे, आणि त्या तापल्या धारेखाली सुजाता मॅडम एकेक बोट वेगळे धरून खडूची भुकटी धुवायच्या. नखांच्या कडांतला पांढरा रंग निघून गेला की त्यांच्या बोटांचा सावळा, तुळतुळीत रंग उजळून यायचा; पाटीवरची अक्षरे पुसल्यावर पाटीच अधिक सुंदर दिसावी, तसा. मग पदराला हात पुसत त्या आत यायच्या आणि डबा उघडायच्या.

मी मंद्रूप या खेड्यातून एसटीने शहरात येणारी, आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. इंग्रजीचे पुस्तक उघडले की माझ्या घशाला कोरड पडायची. मॅडम मला कधी हसल्या नाहीत, त्यांनी कुणाला हसू दिले नाही. "आदी आपल्या भाषेत सांग, काय सांगायचं हाय ते," एवढेच म्हणायच्या, आणि मी सांगू लागले की माझे वाक्य उंबरठ्यावर बुजलेल्या लेकराला हाताला धरून बाहेर न्यावे तसे अलगद इंग्रजीत न्यायच्या. आज मी पोटापाण्यासाठी तीच भाषा शिकवते. माझ्या प्रत्येक तासाच्या मुळाशी त्यांचा तो धीर आहे.

पुढे मी त्याच क्लासमध्ये शिकवू लागले, तेव्हा त्यांच्याशेजारी बसून जेवायची वेळ आली. डब्यातून शेंगाचटणीचा खमंग वास सुटला की सगळ्यांचे हात पुढे व्हायचे. एक हात सोडून. क्लासचे संचालक, ज्यांना आम्ही नुसते सर म्हणायचो, त्यांचा त्या दिवशी नेमका उपवास असायचा. सरांच्या उपवासाला तिथी लागत नसे. मॅडमांचा डबा उघडला की तो सुरू व्हायचा आणि मिटला की चहा-बिस्किटांनी सुटायचा. बुद्धपौर्णिमेला मॅडम घरची खीर आणायच्या. सर म्हणायचे, ठेवा फॅनखाली, नंतर बघतो. संध्याकाळी ती वाटी तशीच खिडकीत असायची, वर सुरकुतलेली साय, सायीत रुतलेली एखादी माशी. मॅडम वाटी घासून पिशवीत ठेवायच्या. त्या घासण्याचा आवाज माझ्या कानात अजून खरखरतो, आणि किळस येते ती माशीची नव्हे.

मग व्हिएतनाममधल्या एका किनाऱ्यावरच्या गावात लहान मुलांना इंग्रजी शिकवायची नोकरी त्यांना मिळाली. क्लासमधल्या पोरी त्यांच्याभोवती जमल्या. एकीने विचारले, "मॅडम, तितं भाकरी मिळंल का?" मॅडम म्हणाल्या, "भात हाय म्हणं लई. पीठ नेतीया की मी." पोरी हसल्या, त्याही हसल्या, पण त्या हसण्यात परक्या समुद्राची खारट हवा आधीच शिरली होती. परीक्षांमागून परीक्षा देत त्यांनी स्वतःच्या बळावर ही वाट काढली होती. आता फक्त अनुभवाचा दाखला हवा होता, आणि तो देणे सरांच्या हातात होते.

सरांनी तो आज देतो, उद्या देतो करत लांबवला. शेवटी म्हणाले की दाखला सत्कारातच देऊ, पालकांसमोर, थाटात. सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईत कागद द्यायचे होते. दाखला नसता तर ती नोकरी दुसऱ्या कुणाला गेली असती. त्यामुळे रात्रीच्या गाडीची बॅग भरून मॅडम संध्याकाळीच सत्काराच्या हॉलमध्ये, सात रस्ता चौकाजवळ, येऊन बसल्या.

हॉलमध्ये शिळ्या झेंडूचा आणि स्वस्त अत्तराचा असा वास कोंडला होता की श्वास उथळ घ्यावा लागत होता. सरांनी भाषण केले. या मुलीला आपणच घडवले, तिला बोलायला आपणच शिकवले, असे ते घामाने चकाकणाऱ्या चेहऱ्याने सांगत होते आणि दाखल्याचे पाकीट त्यांच्या खिशातून अर्धे डोकावत होते. शाल झाली, नारळ झाला. मग पेढ्यांचा बॉक्स उघडला गेला. आपल्याकडे सत्कारात पेढा नुसता देत नाहीत, तो भरवायचा असतो आणि भरवताना फोटो काढायचा असतो. सरांनी उकाड्याने पाझरलेला एक पेढा चिमटीत धरला, मॅडमांच्या ओठांपाशी नेला आणि मान कॅमेऱ्याकडे वळवली.

मॅडमांचे ओठ मिटलेलेच राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "तोंड उघडा की मॅडम, जरा मोठं." सरांची बोटे तुपकट झाली होती. पेढ्याचा एक कण शालीवर पडला. मी मॅडमांच्या डोळ्यांकडे पाहिले. ते एकदा पाकिटाकडे गेले आणि परत आले.

"सर," त्या म्हणाल्या, आवाज वर्गात असायचा तितकाच, "आठ वर्षांत आमच्या घरचा घास तुम्ही कधी तोंडात घेतला नाही. आज माझ्या तोंडात कशाला घालता?"

याच वाक्यावर कॅमेऱ्याचा लख्ख उजेड पडला.

सर हसले. मॅडम गमतीत बोलतात, असे माईकमधून म्हणाले, पेढा बॉक्समध्ये टाकला आणि रुमालाने बोटे पुसू लागले, एकेक, जोर लावून. दुसऱ्या हाताने त्यांनी खिशातले पाकीट आत ढकलले. दाखल्याचे उद्या ऑफिसात बघू, असे ते पुटपुटले. इतक्यात पुढच्या रांगेतले शेखचाचा उठले. टेम्पो चालवणारा साधा माणूस, त्यांच्या दोन्ही मुली मॅडमांकडे शिकलेल्या.

"उद्या कशाला? आत्ताच द्या की सर," ते शांतपणे म्हणाले. "गाडी चुकंल त्यांची. आमी समदे हितंच बसतो तवर."

कुणीही उठले नाही. सरांना पाकीट काढावे लागले. मॅडमांनी ते दोन्ही हातांनी घेतले, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि बॅग उचलली.

त्या गेल्या त्याला दुसरा उन्हाळा चालू आहे. मी तो क्लास सोडला, पण येता-जाता त्याच्या दारावरचा फ्लेक्स चुकवता येत नाही. 'आमच्या क्लासची लेक, आज परदेशात,' अशी मोठी अक्षरे, खाली सरांचे तुपकट हास्य, चिमटीतला पेढा आणि त्याच्यापुढे मॅडमांचे उघडे तोंड. तोच क्षण, तेच वाक्य, फक्त आवाज कापून टाकलेला. नाव घालायला येणाऱ्या पोरी कौतुकाने वर बघतात. त्यांना वाटते, बाई आनंदाने पेढा खात आहेत. काल एकजण तसे म्हणाली, तेव्हा मी थांबले आणि त्या फोटोत मॅडम काय म्हणत होत्या ते तिला शब्दशः सांगितले. दूर गेलेल्या माणसाच्या चित्राला कुणीही काहीही भरवावे आणि काळाने ते मुकाट पाहावे, असेच चालत आले आहे. म्हणून आठवणीने तरी गप्प बसू नये.