जमादारचा बिल्ला

"हा बघा, साहेब." पुंजारामनं हातरुमालाची गाठ सोडली आणि पितळी बिल्ला टेबलावर ठेवला. बिल्ल्याला हळद लागलेली होती. एक अक्षताही चिकटली होती.

कुत्र्यांच्या कोंडवाड्यावरच्या कारकुनानं, श्रीधरनं, तो उलटापालटा करून पाहिला. "खरा आहे. शिक्काही यंदाच्याच लसीचा. मग कुत्र्याच्या गळ्यात का नव्हता, मामा?"

"गळ्यात घालून हिंडलं असतं तर हरवला नसता का? सरकारी वस्तू हाय."

"मग होता कुठं?"

"देव्हाऱ्यात."

पुंजारामचा जन्म शाळेत घंटा देण्यात गेला. सरकारातून आलेली वस्तू वापरायची नसते, सांभाळायची असते, एवढं एकच शास्त्र तो त्या शाळेत शिकला. शाळेनं दिलेली छत्री निजामाच्या वेळची. पोलिस ॲक्शन होऊन राज्य बदललं, छत्री कोरडीच राहिली. पावसात तो तिला पोटाशी धरून भिजत घरी येई.

कुत्र्यांना सुई टोचून घ्या, गळ्यात बिल्ला घाला, बिनबिल्ल्याचं कुत्रं गाडी नेईल, अशी दवंडी पिटली तेव्हा आपल्या कुत्र्याला, जमादारला, खांद्यावर घालून गल्लीतून पहिला गेला तो पुंजारामच. दवंडीतलं पहिलं वाक्य त्यानं पाळलं. दुसऱ्याच्या वेळी बायको आडवी आली. आवडाबाईनं बिल्ला चिंचेनं घासला, बघितला आणि "कुत्रं म्हंजे खंडोबाचंच जनावर" म्हणून देवाच्या टाकाशेजारी बसवला. रोज दोघांनाही हळद लागू लागली. जमादार मोकळ्या गळ्यानं शाळेच्या फाटकाशी बसू लागला. काल गाडी आली तेव्हा तो शेपूट हलवत आपणहून तिच्याजवळ गेला म्हणे.

"दोर आणलाय मी," पुंजाराम म्हणाला. "सोडा त्याला. आमचा बिल्ला हाय ना."

"बिल्ल्याला आम्ही पकडलं नाही, मामा." श्रीधर हे रोजच्या सवयीनं बोलून गेला आणि मग दौतीचं झाकण लावत बसला. "बिनबिल्ल्यांचं सकाळीच उरकतात."

"आज बी?"

"आज बी."

पुंजारामनं मान हलवली. हेडमास्तरांनी सुट्टी रद्द केली की हलवायचा, तशीच. मागं कुणी पिंजरे धूत होतं. पाणी फरशीवरून टेबलाखाली आलं. त्यानं चपला थोड्या मागं घेतल्या.

"लई वरडला का?"

"मी आत होतो."

"व्हय."

"कुत्रं नसलं की बिल्ला जमा करावा लागतो," श्रीधर जरा वेळानं म्हणाला.

पुंजारामनं बिल्ला उचलला आणि मूठ मिटली. "घरी राहिला."

श्रीधरनं टेबलाकडं बघितलं. तिथं हळदीचा डाग होता. त्यानं तो अंगठ्यानं पुसला. "सापडला तर आणून द्या."

गुलमंडीच्या चौकात पानवाल्या कडूबानं हटकलं, "मामा, नुसताच दोर? जमादार कुठंय?"

"म्होरं गेला."

घरी आवडाबाईनं जर्मलच्या थाळीत भाकरी कुस्करून ठेवली होती. दोराचं मोकळं टोक तिनं एकदाच बघितलं.

"बिल्ला दाखवला का?"

"दाखवला."

"मग?"

"खरा हाय म्हणले."

तिनं थाळी उचलली, तिथंच परत ठेवली आणि बिल्ला देव्हाऱ्यात ठेवायला हात पुढं केला. पुंजारामनं दिला नाही. उंबऱ्यावर बसून त्यानं तो दोरात ओवला, गाठ मारली, ओढून पाहिली. मग दोर दारामागच्या खिळ्याला अडकवला.

दुपारची घंटा द्यायची होती. बाहेर ऊन होतं. त्यानं कोपऱ्यातली छत्री घेतली आणि अंगणात येऊन उघडली. काड्या कुरकुरल्या.

"फाटंल ती," आवडाबाई म्हणाली.

"फाटू दे."